गोडसे भटजींची वाट

(पिरंगुट येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवताना फळ्यावर आधी नकाशा काढत आणि मग बोलायला सुरुवात करत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आजचा विषय मी नकाशाचाच घेतला आहे. हा नकाशा कागदावर मात्र कोणी काढलेला नाही. पेण तालुक्यातल्या वरसई गावच्या एका भिक्षुकाने तो पायांनी काढला. त्यांचे नाव विष्णुभट गोडसे आणि त्यांचे पुस्तक 'माझा प्रवास'.

हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. झाशीच्या राणीची हकिकत सांगणारे पुस्तक अशीच त्याची ओळख आहे. शाळेच्या पुस्तकातून आणि भाषणांतून त्यातला राणीचा भाग आपल्यापर्यंत पोचला, पण तिच्यापर्यंत नेणारी वाट मागे राहिली. मला आज त्या वाटेबद्दल बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की, उत्तर हिंदुस्थानात पेशवाईने उभे केलेले एक मराठी जग होते. ते मोडले त्या वर्षी त्यातून शेवटचा पायी गेलेला आणि पाहिलेले लिहून ठेवणारा माणूस म्हणजे गोडसे भटजी. राणीचे दर्शन त्यांना वाटेत घडले.

थोडे दूर जाऊन सुरुवात करतो. अमेरिकेत जेदेदाया स्मिथ नावाचा एक वाटाड्या होऊन गेला. जन्म १७९९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्याला तेव्हा युरोपात टोप्यांसाठी मोठी मागणी होती. त्या धंद्यात तो १८२२ साली शिरला. पुढच्याच वर्षी एका अस्वलाने त्याचे डोके फाडले. सोबत्याने सुईदोऱ्याने कातडी आणि कान शिवून दिला, आणि हा माणूस पुन्हा चालू लागला. १८२६ साली तो मोहावीचे वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला. अमेरिकी वसाहतींच्या बाजूने जमिनीवरून तिथे पोचलेला पहिला अमेरिकी म्हणून त्याची नोंद आहे. परतताना त्याने सिएरा नेवाडाची बर्फाळ रांग ओलांडली. त्याच्या सोबत्यांपैकी बरेच जण मूळ रहिवाशांशी झालेल्या चकमकींत मेले. १८३१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पाणी शोधायला एकटा पुढे गेला असताना तोही मारला गेला.

स्मिथ ज्या वाटांनी गेला त्या त्याने शोधल्या असे म्हणायचा प्रघात आहे. मला ते पटत नाही. मोहावी लोकांनी त्याला अन्न दिले, पाणवठे दाखवले, म्हणून तो वाळवंट पार करू शकला. वाटा त्यांच्या होत्या. स्मिथमुळे त्या गोऱ्यांच्या नकाशावर आल्या, आणि नकाशामागून हजारो गाड्या, वसाहती आणि सैन्य आले. पुढे यायच्या जगाची पहिली वाट म्हणून त्याच्या चालण्याला मोल आले. गोडशांचे नेमके उलटे आहे. त्यांची वाट शेकडो वर्षे मळलेली होती, आणि ते परत येईपर्यंत तिच्या टोकाची घरेच उरली नव्हती. दोघांची तुलना इथेच थांबवतो, कारण एक व्यापारी होता आणि दुसरा कर्जात बुडालेल्या घरातला वेदपाठी भिक्षुक.

कर्ज हेच प्रवासाचे कारण. गोडशांचा जन्म १८२७ च्या सुमाराचा. घर भिक्षुकीवर चालणारे, माणसे पुष्कळ, मिळकत थोडी. अशात खबर आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणेवर लाखो रुपये खर्चणार आहेत. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, कागलच्या घाटग्यांची लेक. काही वर्षे ग्वाल्हेरचा कारभार त्यांनीच पाहिलेला. अशा बाईंचा यज्ञ म्हणजे कोकणातल्या गरीब भिक्षुकांना कर्ज फेडायची संधी. वडिलांचे मन तयार नव्हते. उत्तर हिंदुस्थान म्हणजे परका मुलूख, तिथे भांग, तिथे नाना छंद, गेलेला मुलगा परत येईल की नाही ही धास्ती. शेवटी चुलते रामभट सोबत जाणार म्हटल्यावर परवानगी मिळाली. १८५७ चा उन्हाळा सुरू होण्याच्या सुमारास काका-पुतणे निघाले.

साल लक्षात घ्या. मुंबईहून आगगाडी तेव्हा खोपोलीपर्यंत आली होती. घाटावर खंडाळा ते पुणे हा तुकडा सुरू व्हायला अजून वर्ष होते आणि बोरघाट गाडीने ओलांडायला १८६३ साल उजाडावे लागले. पुढे १८७० मध्ये मुंबई ते अलाहाबाद सलग लोहमार्ग झाला. म्हणजे गोडशांच्या प्रवासानंतर अवघ्या १३ वर्षांत काशीयात्रा ही तिकीट काढून करायची गोष्ट झाली. ते निघाले तेव्हा ती पायांची, बैलगाडीची आणि सोबतीची गोष्ट होती. एकट्याने जायचे नाही, कुणाच्या तरी तांड्याला धरून जायचे. मुक्कामाला धर्मशाळा, देऊळ किंवा ओळखीचे घर पाहायचे, शिधा मिळाला तर स्वतः शिजवायचे, आणि पैसा अंगावर लपवायचा. पुण्यात येऊन, नगरच्या बाजूने खानदेशात उतरून, सातपुडा ओलांडून ते माळव्याकडे गेले.

महूच्या अलीकडे एका मुक्कामात त्यांना शिपाई भेटले आणि लवकरच मोठी गडबड होणार असल्याचे त्यांच्याकडून कळले. मीरतचा उठाव १० मे १८५७ चा. गोडशांनी उठावाची जी कारणे लिहिली आहेत त्यांत काडतुसांची गोष्ट आहे, आणि कलकत्त्यात सरकारने सभा भरवून राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडवणारी ८४ कलमे ठेवली अशीही एक गोष्ट आहे. अशी सभा झाली नव्हती. म्हणून काही अभ्यासक हा भाग बाजूला सारतात. मला तो भाग फार मोलाचा वाटतो. सरकारी कागदपत्रांत काय घडले ते मिळते. वाटेवरची माणसे काय खरे मानत होती, कोणत्या भीतीने झोपत होती आणि कोणत्या गोष्टी एकमेकांना सांगत होती, ते कागदपत्रांत नसते. धर्मशाळेच्या ओट्यावर पथारी टाकणाऱ्यालाच ते ऐकू येते.

आता त्या मराठी जगाबद्दल, कारण ते डोळ्यांपुढे आल्याशिवाय हा प्रवास कळणार नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावांना कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला पाठवले गेले. त्यांच्याबरोबर आश्रितांचा मोठा परिवार गेला. १८५१ मध्ये ते वारले. त्यांनी दत्तक घेतलेले नानासाहेब मूळचे कर्जतजवळच्या वेणगावचे, म्हणजे वरसईपासून फार लांबचे नव्हेत. तात्या टोपे येवल्याचे. झाशीचे नेवाळकर घराणे मूळ कोकणातले. राणी लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे पेशव्यांच्या आश्रयाला होते आणि राणींचा जन्मच काशीचा. माळव्यात होळकर, धारला पवार, ग्वाल्हेरला शिंदे, चित्रकूटजवळ पेशव्यांचीच एक शाखा, आणि काशीत घाटांवर दक्षिणी ब्राह्मणांची घरे. नर्मदेपासून गंगेपर्यंत मराठी बोलणारे, मराठी स्वयंपाक करणारे, श्रावणीला आणि श्राद्धाला देशावरच्या भिक्षुकाची वाट पाहणारे उंबरठे असे पसरलेले होते.

गोडशांसारख्या माणसाला हे सगळे उंबरठे माहीत असणे भाग होते. कोणत्या गावी कोणाचे घर, त्या घराचे गोत्र कोणते, आपल्या आजोबांशी त्यांचा काय संबंध, तिथे किती दिवस राहता येईल, दक्षिणा किती मिळेल, हा त्यांचा पोटापाण्याचा हिशेब होता. इंग्रज अधिकाऱ्याच्या नकाशात नद्या, छावण्या आणि किल्ले असत. या नकाशात माणसे होती. कुठल्या संस्थानात दानधर्म कसा होतो, यज्ञाला किती ऋत्विज बसले, जेवणात काय वाढले, बायका कोणती लुगडी नेसतात, बाजारात काय मिळते, हे सगळे त्यांना लिहावेसे वाटले. पोटासाठी चालणाऱ्या माणसाला आतिथ्याची पारख असते. त्या पारखीतूनच एका समाजाचे आतले चित्र उभे राहिले.

या नजरेला मर्यादाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. गोडसे ब्राह्मण भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहतात. त्यांच्या वाटेवर कोळी, भोई, गाडीवान, कुणबी, शिपाई असे असंख्य लोक आहेत, पण घरात शिरून ज्यांच्याशी ते बोलतात ती घरे बहुतेक त्यांच्याच जातीची. गाडीवानाने लिहिले असते तर १८५७ चा वेगळा प्रवास आपल्याला वाचायला मिळाला असता. तो लिहिला गेला नाही. त्याने गोडशांचे मोल कमी होत नाही, पण 'माझा प्रवास' म्हणजे सगळ्या मराठी माणसांचा प्रवास असे कोणी म्हणाले तर मी हात वर करून हरकत घेईन.

आता पुन्हा वाटेकडे. माळव्यातून ग्वाल्हेरला आणि तिथून ते झाशीत आले. १८५३ मध्ये राणींचे पती गंगाधरराव वारले, पुढच्या वर्षी कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले, आणि उठावानंतर कारभार पुन्हा राणींच्या हाती आला होता. गोडशांनी राणींचा दिनक्रम दिला आहे. पहाटे उठणे, व्यायाम, घोड्यावर रपेट, स्नान, पूजा, दानधर्म, मग दरबार, कधी पुरुषी पोशाखात तर कधी साध्या पांढऱ्या वस्त्रात. त्यांची घोड्यांची पारख किती सूक्ष्म होती, तेही त्यांनी सांगितले आहे. पोवाड्यातल्या राणीपेक्षा ही राणी मला जवळची वाटते, कारण ही बाई सकाळी उठून दिवसाची कामे करताना दिसते.

मार्च १८५८ च्या अखेरीस इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. तात्या टोपे मदतीला आले, पण बेतवेच्या काठी त्यांचा पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि राणी रात्री किल्ल्यातून निसटल्या. हा भाग पुस्तकाचा गाभा आहे. तोफांचे गोळे पडताना लोक काय करत होते, घरात पाणी कसे संपले, शहर पडल्यावर सुरू झालेले बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, हे सारे आतून सांगितलेले आहे. पुरुष दिसला की गोळी. काका-पुतणे घरात लपले, शिपाई आत आले तेव्हा जवळचा पैसा देऊन त्यांनी प्राण वाचवले. ज्या पैशाने वरसईचे कर्ज फिटायचे होते तो असा गेला.

लुटीचे वर्णन तर अंगावर काटा आणते, आणि त्याचे कारण त्यातली शिस्त. आधी सोने-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता, मग धान्य, अशी पाळीपाळीने, वेगवेगळ्या पलटणींनी लूट केली. रस्त्यांत प्रेते कुजत होती. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, तिचे दुःख गोडशांनी मन लावून लिहिले आहे. दूरदूरचे विद्वान ज्या पोथ्यांच्या नकला करायला झाशीला येत, त्या पोथ्यांची ही गत झाली. त्या मराठी जगाची आठवण त्या पोथ्यांमध्ये बांधून ठेवलेली होती. म्हणूनच मला वाटते की वेदपाठी माणसाला माणसांच्या मृत्यूखालोखाल हे दुःख झाले असले पाहिजे.

झाशीतून ते काल्पीच्या रस्त्याला लागले, आणि तिथे विहिरीची ती प्रसिद्ध भेट झाली. लढाईतून माघार घेत आलेली राणी, पठाणी पोशाख, सगळ्या अंगावर धूळ, तहानलेली. गोडशांनी तिला ओळखले आणि ते पाणी काढायला पुढे झाले. तिने त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला योग्य वाटेना. तिने स्वतः पाणी काढून ओंजळीने पिऊन घेतले. मग आपल्यासारख्या विधवेला खरे तर थोडक्या अन्नावर दिवस काढता आले असते, पण धर्माच्या अभिमानाने हे काम अंगावर घेतले, अशा अर्थाचे काही ती बोलली आणि निघून गेली. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ तिला मरण आले. या प्रसंगात शौर्य शोधायची गरज नाही. राज्य गेलेल्या बाईने आणि पैसा गेलेल्या भिक्षुकाने विहिरीच्या काठावर एकमेकांशी जुन्या रीतीने वागणे हेच मला फार मोठे वाटते. ज्या जगाची ती रीत होती ते जग त्याच आठवड्यांत कोसळत होते.

पुढे चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, प्रयाग, काशी. सगळीकडे युद्धाच्या खुणा, संशयाने झडत्या घेणारे सैनिक, चोर. पुन्हा थोडे मिळवले, पुन्हा लुटले गेले. लवकर घरी जावे असे कोणालाही वाटले असते. गोडसे मात्र काशीला गेले आणि गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन परतीला लागले. आईवडिलांना गंगेचे स्नान घालायचे, हा त्यांचा निश्चय होता. भरलेली कावड जमिनीवर टेकवायची नाही, सोवळे सांभाळायचे, आणि पायी शेकडो कोस यायचे. कर्ज फेडायला गेलेला मुलगा अडीच-तीन वर्षांनी आला तो पाण्याचे भांडे घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

आपल्या मुळशी तालुक्यातल्या लोकांना या वाटेशी काय घेणेदेणे, असे कोणी विचारील. दोन गोष्टी सांगतो. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरीही गावे पाण्याखाली गेली, आणि त्या गावांतल्या पायवाटा आता कुठल्याच नकाशावर नाहीत. तिकडे गोडशांच्या वरसईच्या परिसरातही बाळगंगा धरणाचा प्रकल्प आला आणि विस्थापनाचा प्रश्न उभा राहिला. मोडलेल्या गावांतून कोण कुठे गेले, कोणत्या वाटेने गेले, कोणाच्या दारात पहिली रात्र काढली, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दुसरी गोष्ट २०२० च्या टाळेबंदीची. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर राबणारी उत्तर प्रदेश, बिहारमधली माणसे डोक्यावर बोचकी घेऊन आपापल्या गावी पायी निघाली. गोडशांचीच दिशा. त्यांचा प्रवास वृत्तवाहिन्यांनी दाखवला, पण त्यांच्या तोंडून, मुक्कामामागून मुक्काम, किती लिहिला गेला? या सभागृहात जी तरुण मुले बसली आहेत, त्यांच्या कारखान्यात, शेजारच्या खोलीत असे प्रवासी आजही राहतात. त्यांच्याजवळ बसा आणि ऐका.

शेवटचा भाग पुस्तकाच्या नशिबाचा. परतल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी गोडशांनी ही हकिकत मोडीत लिहून काढली. कल्याणचे वैद्य हे त्यांचे यजमान, आणि त्या घरचे चिंतामणराव वैद्य, पुढे मोठे इतिहासकार झालेले, यांनी त्यांना लिहायला लावले. लिहिणाऱ्याला सरकारची भीती होती. बंडवाल्यांबरोबर होता म्हणून म्हातारपणी चौकशी मागे लागायची. म्हणून गोडशांच्या मृत्यूपर्यंत पुस्तक छापायचे नाही असे ठरले, आणि ते १९०७ मध्ये, उठावाला ५० वर्षे झाली तेव्हा निघाले. वैद्यांनी भाषा त्या काळच्या ग्रांथिक वळणाची केली, काही मजकूर गाळला, काही सावरला. मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच अमृतलाल नागरांनी हिंदीत 'आँखों देखा ग़दर' केले होते. एकविसाव्या शतकात इंग्रजी भाषांतरेही झाली.

जाता जाता एक योगायोग सांगतो. स्मिथच्या कॅलिफोर्निया प्रवासाची एक रोजनिशी हरवली असे मानले जात होते. ती १९६७ मध्ये सापडली, म्हणजे पोतदारांच्या आवृत्तीनंतर लगेचच, आणि १९७७ मध्ये छापली गेली. दोन्ही वाटसरूंचे मूळ शब्द जगाला त्यांच्या मरणानंतर कितीतरी वर्षांनी मिळाले.

अनेक वाचक विचारतात की दोन आवृत्त्यांपैकी कोणती वाचावी. आधी पोतदारांची वाचावी, मग वैद्यांची. वैद्यांच्या पुस्तकाने ही हकिकत वाचवली, याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे. पण गोडशांची बोलण्याची लकब, अचानक विषय बदलणे, मध्येच जेवणाचा किंवा दक्षिणेचा आकडा सांगणे, थोडा खट्याळपणा, हे मूळ संहितेतच भेटते. वाचताना जवळ उत्तर हिंदुस्थानचा मोठा नकाशा ठेवा आणि गावे खुणावत जा. पेणपासून सुरुवात करा, पुण्यावर बोट टेकवा, मग नगर, खानदेश, महू, उज्जैन, धार, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, बिठूर, लखनौ, अयोध्या, काशी. आपल्या गावच्या वाचनालयात पोतदारांची प्रत नसेल तर ती मागवावी, अशी माझी कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती आहे, आणि ती आली की पहिले वाचन आपण एकत्र बसून करू.